काटा खरा करणे बाकी

साक्री तालुक्यातल्या आमच्या आवाराच्या फाटकाशी जो येतो तो आधी एकच विचारतो: या डब्यांत काय आहे? डबे म्हणजे मालगाडीवर लादतात तसले लांब पांढरे कंटेनर. आमच्याकडे ते चोवीस आहेत, दोन रांगांत. आत बॅटऱ्या आहेत असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, त्या भरतं कोण? मग मी शेजारच्या माळावरची सौर पॅनलं दाखवते. दुपारी त्यांतून इतकी वीज येते की तेव्हा ती सगळी लागत नाही. संध्याकाळी ऊन जातं आणि नेमके तेव्हाच घरोघरचे दिवे, पंखे, गिरण्या एकदम सुरू होतात. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत सांभाळायची आणि मागतील तेव्हा तारेत सोडायची, एवढंच आमचं काम. गावच्या डेअरीत टँकर येईपर्यंत दूध थंड ठेवतात, तसंच हे.

मी शिकले तेव्हा पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं की वीज मोठ्या प्रमाणावर साठवता येत नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढीच तयार करायची. त्या वाक्यावर मी परीक्षेत गुण मिळवले आणि आता त्याच्या विरुद्ध कामावर पगार घेते. मधली सोळा वर्षं भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्रात गेली. या दिवाळी अंकासाठी त्या सगळ्या वर्षांचं लिहायचं ठरवून मी मुद्दे काढले होते. ते बाजूला ठेवले. एकाच गोष्टीबद्दल लिहिते. आमच्याकडच्या लोटन नानांची नोकरी माझ्यामुळे जवळजवळ गेली होती, त्याबद्दल.

नाना तेव्हा पंचावन्नच्या पुढचे. आवारापासून तीन मैलांवर त्यांचं गाव. तरुणपणी धुळ्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाले, पण आयुष्य गेलं गावच्या नळपाणी योजनेवर टाकी भरण्यात आणि पाणी सोडण्यात. बॅटरीचं आवार उभं राहिलं तेव्हा स्थानिक माणसं घ्यायची म्हणून त्यांना ऑपरेटर नेमलं. कंत्राट दर वर्षी नव्याने व्हायचं. यादीत नाव असलं तर पुढचं वर्ष, नसलं तर घरी. त्या वयात दुसरीकडे कोणी घेणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

पहिल्या वर्षीच त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. ऑक्टोबरात डबे एकामागून एक तापायला लागले. बॅटरीला माणसासारखंच आहे, फार तापली की काम टाकते. थंड हवेची यंत्रं चालू होती, तरी आतलं तापमान चढत होतं. मी पुण्याच्या तज्ज्ञांना कळवलं. त्यांनी तपासायच्या एकवीस गोष्टी पाठवल्या. मी आणि दोघे तंत्रज्ञ दोन दिवस त्या एकेक करून तपासत होतो. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, वारं कुठून येतं ते पाहिलं का? पलीकडच्या शेतात बाजरीची मळणी चालली होती. मळणीयंत्राचा बारीक भुसा वाऱ्याबरोबर येऊन हवेच्या जाळ्यांवर बसत होता. त्या दिवसांत जाळ्या दिवसाआड झाडायच्या, असं मी लिहून टाकलं. एकवीस कलमांत शेजारच्या शेताचं नाव नव्हतं.

माणसं मजेशीर भेटत. एकदा वळवाच्या वादळात लाईन पडली आणि दिवसभर वीज नव्हती. डोंगराकडच्या पाड्यावरून चार बायका पिशवीत मोबाईल आणि चार्जर घेऊन चालत आल्या. पुढे सुमनअक्का. मला सांगावं लागलं की आमची बॅटरी तारेत वीज असली तरच वीज सोडते. तारच मेली तर तीही बंद, आणि आमच्या ऑफिसातले दिवेसुद्धा त्याच तारेवर आहेत. अक्कांनी खिडकीतून आत डोकावून अंधार पाहून घेतला.

"इतली मोठी बॅटरी शे," त्या म्हणाल्या, "नि तुम्ही बी आमनासारखाच अंधारामा बठेल शेतस."

त्यांच्यासाठी फाटकाशी एक छोटं सौर पॅनल आणि चार प्लग बसवून घेतले. त्यासाठी मला मुख्य कार्यालयाला पाच पत्रं लिहावी लागली. अजून तिथे रोज कुणाचा ना कुणाचा मोबाईल लटकलेला असतो.

आता मुद्द्याचं. औष्णिक केंद्रात साठा म्हणजे कोळशाचा ढीग. सकाळी कामावर जाताना ढिगाकडे पाहिलं की किती दिवसांचा आहे याचा अंदाज यायचा. जामनेरला माझ्या माहेरी साठा म्हणजे ज्वारीची कणगी. तिच्या बाबतीत आईचा नियम कडक होता: तळ दिसू द्यायचा नाही. शेवटची पायली तशीच ठेवायची आणि नवं धान्य आलं की त्यावरच ओतायचं. कणगी खरवडणारी सून आईला आवडत नसे. बॅटरीत मात्र पाहण्यासारखं काही नसतं. भरलेला डबा आणि रिकामा डबा बाहेरून सारखाच. पडद्यावर टक्के दिसतात, त्यावर विश्वास ठेवायचा.

आवाराची जबाबदारी आली तेव्हा मी नऊ नियम माझ्या अक्षरात लिहून कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावले. चौथा नियम असा: कोणताही डबा वीस टक्क्यांच्या खाली उतरवायचा नाही, नव्वदच्या वर चढवायचा नाही. याला आधार होता. बॅटरी गळ्यापर्यंत भरली नाही आणि तळापर्यंत उपसली नाही तर जास्त वर्षं टिकते. पण खरं सांगायचं तर आधार नंतर सापडला. नियम आईचा होता.

इथे थोडं समजावून सांगते. पडद्यावरचे टक्के कोणी आत डोकावून मोजलेले नसतात. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, यावरून यंत्र ते ठरवत असतं. रोज त्यात किंचित चूक होते. आमच्याकडच्या प्रकारच्या बॅटरीत मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट असतो, तीस टक्के काय आणि सत्तर काय, फारसा फरक दिसत नाही. त्यामुळे ती चूक यंत्राला कळत नाही. पूर्ण भरल्यावर किंवा पूर्ण रिकामी झाल्यावरच व्होल्टेज एकदम बदलतो आणि यंत्र आपला आकडा दुरुस्त करून घेतं. आम्ही दोन्ही टोकांना कधी जातच नव्हतो. अधूनमधून पूर्ण भरून पूर्ण रिकामी करावी असं माहितीपुस्तकात एका ठिकाणी लिहिलेलं होतं. ते मी वाचलंही होतं. 'सवडीने करायची कामं' या माझ्या यादीत ते सहाव्या क्रमांकावर होतं.

नानांना हे पुस्तकाशिवाय कळलं. संध्याकाळची वीज सोडून झाली की ते प्रत्येक डब्याचा व्होल्टेज पाळीच्या वहीत लिहायचे. ते काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पडदा रोज वीस टक्के दाखवत होता आणि काही डब्यांचा व्होल्टेज आठवड्यागणिक खाली जात होता. एकदा चहाच्या वेळी त्यांनी मला त्यांच्या टाकीबद्दल सांगितलं. टाकीतल्या तरंगत्या फुग्याला दोर, दोराला बाहेर काटा. दोर सैल पडला की काटा खोटं बोलायचा. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा ते टाकी भरून वाहू देत आणि काटा वरच्या खुणेवर नव्याने बांधत.

"टाकी वाहाले लागनी का काटा खरा करी लेवाना," ते म्हणाले. "आपला बी एकदा करी लेवूत, ताई."

मी म्हणाले, नाना, ही पाण्याची टाकी नाही. एक दिवस आवार बंद ठेवायचं म्हणजे वीज वाटप केंद्राची परवानगी काढा, कारण द्या. पहिल्या दिवसापासून आम्ही एकही संध्याकाळ चुकवलेली नव्हती आणि त्याचा मला अभिमान होता. दर शनिवारी पाळीची वही माझ्या सहीला यायची. त्या शनिवारी त्यांनी वहीच्या शेरा या रकान्यात लिहिलं, 'काटा खरा करणे बाकी.' खाली मी सही केली. पुढच्या शनिवारी तेच, पुन्हा माझी सही.

श्रावणातल्या त्या रविवारी नानांच्या गावात कानबाई बसली होती. आमच्या खान्देशात हा घरोघरीचा सण. पाहुणे येतात, रोट होतात, घर माणसांनी भरतं. नानांच्या घरीही होती, पण दुसऱ्या ऑपरेटरचं नवीन लग्न झालेलं, म्हणून त्याला सुट्टी देऊन नाना पाळीवर आले. माणसं कमी म्हणून मीही थांबले होते. चार दिवस ढग होते, डबे पुरते भरले नव्हते, तरी पडद्यावरच्या आकड्यानुसार संध्याकाळ निघणार होती.

सव्वासातच्या सुमारास पडद्यावर सरासरी चौतीस टक्के होते. नाना म्हणाले, नऊ नंबर गेला. मी पाहीपर्यंत चौदा गेला, मग तीन. चौतीस टक्के दाखवणारे डबे खरोखर रिकामे झाले होते. त्यांचा भार उरलेल्यांवर आला आणि मिनिटाच्या आत संरक्षण यंत्रणेने सगळं आवार बंद केलं. वाटप केंद्राचा फोन वाजला. आमची वीज अचानक गेल्यामुळे त्यांना दोन उपकेंद्रं बंद करावी लागली. आमचं आवार उंचावर आहे. खिडकीतून आम्हाला गावं एकेक करून विझताना दिसली, नानांचंही.

त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. घरून होता. आवाज मोठा होता, मला ऐकू आला.

"तुमना डबा बंद पडनात का?"

"हाव, आमनाच," नाना म्हणाले. "कंदील लावी द्या देवीपुढे."

गावांची वीज पाऊण तासात दुसरीकडून आली. आमचं आवार दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं. चौकशीला तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून तिघे येणार असं कळलं.

इथे मी जे केलं ते कोणाला सांगितलेलं नाही. चौकशीच्या दिवशी सकाळी मी लवकर गेले, भिंतीवरचा नियमांचा कागद काढला आणि त्याच्या जागी नवा लावला. त्यात आठ नियम होते. चौथा नव्हता. जुना कागद मी फाडला नाही, घडी करून पर्समध्ये ठेवला, जणू त्याने काही फरक पडतो. नाना आले, त्यांनी भिंतीकडे पाहिलं. नवा कागद थोडा लहान होता, जुन्याच्या जागेचा उजळ चौकोन त्याच्या कडेने दिसत होता. त्यांनी जेवणाचा डबा खुंटीला लावला आणि खुर्चीत बसले.

चौकशीतले प्रमुख साहेब सभ्य होते, आवाज न चढवता विचारत होते. त्यांच्यापुढे पाळीची वही होती, पण ते आकडे पाहत होते, शेऱ्याच्या रकान्याकडे नाही. त्यांनी नानांना विचारलं, पडद्यावरचे टक्के आणि व्होल्टेज यांचा मेळ बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं का? रोज तुम्हीच तर लिहीत होता.

नाना म्हणाले, "नाही साहेब. लक्षात नाही आलं."

साहेबांनी लिहून घेतलं. शेजारचे दुसरे म्हणाले, म्हणजे ऑपरेटरचं दुर्लक्ष. तिसऱ्याने कंत्राट कधी संपतं ते विचारलं. नानांनी महिना सांगितला. दिवाळीनंतरचा.

मी त्या बैठकीसाठी सात मुद्दे काढून नेले होते. ढगाळ हवामान, सॉफ्टवेअर, पुण्याहून न आलेली उत्तरं. सातही आवाराच्या बचावाचे होते. त्यांत नानांचं नाव कुठेच नव्हतं, ना दोषात ना बचावात. मला वाटत होतं, ते माझ्यासाठी खोटं बोलले. तो विचार मला सहन होईना. मी वही ओढून घेतली आणि शेऱ्याचा रकाना उघडून साहेबांपुढे धरला. शनिवार शोधत पानं उलटत गेले. अकरा शनिवार होते. प्रत्येकाच्या खाली माझी सही. मग पर्समधून जुना कागद काढून टेबलावर पसरला आणि चौथा नियम दाखवला.

साहेबांनी मला लेखी द्यायला सांगितलं, ते मी तिथेच बसून दिलं. पुढे मला एक पत्र आलं. ते माझ्या फाईलमध्ये आहे आणि निवृत्तीपर्यंत राहील. ठरल्या मुदतीने प्रत्येक डबा पूर्ण भरून पूर्ण रिकामा करायचा, असा नियम आमच्याकडे लागला. नानांचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत आलं.

मला वाटलं होतं, नाना बरं वाटल्याचं काहीतरी बोलतील. त्यांचं बोलणंच बंद झालं. कामाचं तेवढं सांगत, तेही पडद्याकडे पाहून. चहाला वेगळे बसत. असा जवळजवळ महिना गेला.

मग आवार रीतसर बंद ठेवून डबे रिकामे करायचा दिवस आला. कानबाईच्या त्या संध्याकाळी तळ गाठलेल्या डब्यांचे आकडे आपोआप खरे झाले होते, उरलेल्यांचे अजून खोटेच होते. नाना आणि मी दोघेच कंट्रोल रूममध्ये. आकडे वीसच्या खाली उतरायला लागले तेव्हा मला खरोखर अस्वस्थ वाटलं. एक डबा अठरावरच संपला. पडदा क्षणभर अठरा दाखवत राहिला आणि मग एकदम शून्य.

मी म्हणाले, नाना, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात.

"तुमनासाठे?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ताई, मी मना कंत्राटसाठे खोटं बोलनू. तीन सायेबसमोर इनचार्जकडे बोट दखाडं तर पुढना वरीसले मना नाव ऱ्हाई का? तुम्ही वही काढी नि मी लबाड ठरनू. खरं बोलाले तुमले परवडस. फाईलमा पत्र येस, नोकरी ऱ्हास."

ते म्हणाले ते खरं होतं. माझं खरं बोलणं त्यांच्या जिवावर होतं. त्यांचं नाव यादीत आलं हे साहेबांच्या भल्या स्वभावामुळे, माझ्या हिशेबामुळे नव्हे. त्या क्षणी मी हे मोजलंच नव्हतं.

थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, "त्यानं बी काही नही. अकरा येळा तुमनी सही दखी. मी समजू, तुम्ही वाचतस, नि तुमले पटत नही."

वाचून नाही म्हटलं असतं तर ते माझं मत झालं असतं, चुकलेलं का होईना. मी वाचलंच नव्हतं; ते शेरे पहिल्यांदा वाचले ते आवार बंद पडल्यावर. सोळा वर्षं औष्णिक केंद्रात आणि नंतर इथे, रोज पन्नास ठिकाणी सही करायची. वेळेवर सही करणारी म्हणून माझं नाव होतं. शेरा लिहिणारा माणूस सही पाहून काय समजत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

डबे भरायला दुसरा दिवस लागला. शंभर टक्के पडद्यावर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. नानांनी व्होल्टेज लिहून घेतले आणि वही मिटली. बोलणं काही लगेच सुरू झालं नाही. पण चहाला ते परत टेबलावर आले.

पुढच्या शनिवारी वही समोर आली. पेन हातात होतं. शेऱ्यात लिहिलं होतं, 'सात नंबर, मागचा पंखा, आवाज वेगळा.' मी दोनदा वाचलं आणि विचारलं, वेगळा म्हणजे कसा? नाना दारात उभे होते, बूट घालून.

"सही मंग करा, ताई," ते म्हणाले. "आधी चला."

आम्ही दोघं रांगेच्या टोकापर्यंत चालत गेलो. डब्याच्या मागे उभं राहून मी बराच वेळ कान दिला. मला फरक कळेना. नानांनी हात लावून दाखवला तेव्हा कळला: झाकणाचा एक स्क्रू सैल होता, बाकी पंखा ठीक. तो आवळायला दोन मिनिटं लागली. परत येऊन मी शेऱ्याच्या खाली तसं लिहिलं, मग सही केली.